झाडीतली रायफल

खंडेनवमीच्या दिवशी विदर्भातल्या जुन्या घरांतून एक निराळीच पंगत बसते. देवघरासमोर पाट मांडतात आणि त्यावर विळा, कोयता, कुदळ, अडकित्ता, शिवणाची कात्री अशी घरातली सगळी लोखंडी मंडळी ओळीने विराजमान होतात. ज्या घराण्यात पूर्वी मालगुजारी होती, तिथे या पंक्तीच्या मानाच्या जागी एक लांबलचक, काळसर, तेलकट वस्तू येऊन पडते. तिला हळदकुंकू वाहतात, वर झेंडूचे फूल ठेवतात. मुले लांबूनच 'हात लावू का?' म्हणून विचारतात आणि थोरले 'नको' म्हणतात. दुसऱ्या दिवशी आपट्याची पाने वाटून झाली की ती कापडात गुंडाळून पुन्हा कपाटात जाते. वर्षातून एकदा पान मांडायचे आणि उरलेले तीनशे चौसष्ट दिवस विसरायचे, असा हा मान!

ही आजोबांची रायफल. मालगुजारी १९५१ साली गेली, शिकार १९७२ साली गेली, आजोबाही गेले. रायफल मात्र राहिली. तिने मारलेल्या वाघांची संख्या पिढीगणिक वाढत असते. आजोबांच्या तोंडी एक, वडिलांच्या तोंडी तीन आणि नातवाच्या तोंडी सात, असा हिशेब मी एका घरात स्वतः ऐकलेला आहे. पण अशा रायफलीने देव्हाऱ्यासमोरून उठून पुन्हा शेतावर जावे, असे कुणी मनावर घेतले तर काय होते? यंदा माझ्या एका जुन्या सहाध्याय्याने ते मनावर घेतले आणि त्याच्या मागोमाग फिरता फिरता माझ्यासारख्या मराठीच्या मास्तरालाही या विषयाची थोडी गोडी लागली.

माझा हा मित्र भंडारा जिल्ह्यात धानाची शेती करतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा सारा मुलूख झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. दिवाळी संपली की तिथे गावोगाव मंडई भरते आणि रात्र रात्र नाटके रंगतात, हे पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. पण दिवाळीच्या आधीचे चारदोन आठवडे हा शेतकरी कसा काढतो, हे शहरात फारसे कुणाला ठाऊक नसते. धान लोंबीला आले की रानडुकरांचे कळप रात्री वावरात उतरतात. ते खातात थोडे आणि तुडवतात फार. मग माळ्यावर बसून डबे वाजवायचे, फटाके उडवायचे, शेकोटी पेटवायची. काही जण तर कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडतात आणि त्या तारेला डुकराऐवजी कधी वाघ चिकटतो, कधी शेजारचा माणूस.

मित्राला ते पाप करायचे नव्हते. पीकसंरक्षणासाठीचा बंदुकीचा परवाना वडिलांच्या नावावर होता. वडील गेल्यावर रायफल बंदुकीच्या दुकानदाराकडे जमा करून, वारस म्हणून अर्ज करून, वर्षदीड वर्ष कचेरीच्या पायऱ्या झिजवून त्याने परवाना आपल्या नावावर करून घेतला. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने पिकाची नासाडी करणारी रानडुकरे आणि रोही मारण्याच्या परवानगीची रीत ठरवून दिली. त्याप्रमाणे वनखात्याचा कागदही त्याने मिळवला. आता उरली फक्त रायफल. ती दुरुस्त करायला तो नागपूरला आला आणि मला म्हणाला, "चाल माझ्यासंगं. तुले बंदुकीतलं काही समजत नाही, म्हणूनच तुले नेतो. समजनारा मानूस लई बोलते."

जुन्या रायफलीत बिघडते तरी काय, असा प्रश्न मला होता. बाहेरून तर ती ठणठणीत दिसत होती. कारागीर वयस्क होते. त्यांनी ती हातात घेतली, खटका मागे ओढला आणि नळी उजेडाकडे धरून एक डोळा मिटला. मग मलाही दाखवली. रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्यांतून जाताना गोळीला गरगर फिरावे लागते. फिरता भोवरा उभा राहतो आणि थांबला की लवंडतो. गोळीचेही अगदी तसेच आहे. या खाचा नव्या रायफलीत दागिन्याच्या कोरीवकामासारख्या लखलखतात. आमच्या नळीत मात्र पावसाळ्यातल्या भिंतीसारखे पोपडे दिसत होते.

मित्राने खिशातून एक पुठ्ठा काढला. बांधाच्या मातीला टेकवून त्यावर त्याने पाच बार काढले होते. त्यांतली तीन भोके गोल असायची ती लांबट होती, कुलपाच्या किल्लीचे भोक असते तशी. कारागिराने एक बोट त्या भोकावरून फिरवले आणि म्हणाले, "ही गोळी आडवी गेली." म्हणजे भोवरा लवंडला होता!

अशी दशा होण्याचे कारण मोठे मौजेचे आहे. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट नावाचे द्रव्य असे. बार झाल्यावर त्यातून जो क्षार नळीत उरतो, तो आपल्या मिठाचा सख्खा भाऊ. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, तसे त्यालाही सुटते आणि पोलाद गंजू लागते. त्यावर तेल चोपडून उपयोग नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही. ते पाण्यात विरघळते. म्हणून जाणते शिकारी मुक्कामावर परतल्यावर आधी नळीतून आधणाचे पाणी ओतीत, मग ती कोरडी करीत आणि मग तेल लावीत. गंज टाळण्यासाठी लोखंडावर पाणी ओतायचे, हे ऐकून अनाडी माणूस हसेल. परंतु ज्यांनी तो त्रास घेतला त्यांच्या रायफली टिकल्या. ज्यांनी नुसते तेल चोपडले, त्यांच्या नळ्यांनी आतल्या आत प्राण सोडला. आमच्या रायफलीवर वर्षानुवर्षे भक्तिभावाने तेलच चोपडले गेले होते.

दुसरे दुखणे लाकडाचे. रायफलीचा दस्ता बहुधा अक्रोडाच्या लाकडाचा असतो. हे तेल हळूहळू लाकडात मुरते, लाकूड काळे आणि मऊ पडते आणि प्रत्येक बाराच्या धक्क्याने मुठीजवळ चीर वाढत जाते. याला मात्र औषध आहे. खडूच्या भुकटीचा लेप देऊन मुरलेले तेल शोषून घ्यायचे, चीर सांधायची आणि वरून जवसाचे तेल चोळायचे. जवस म्हणजे आपल्या वैदर्भी घरांतली चटणीची वस्तू! तिचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि लाकडावर कातडीसारखे बसते. त्याचा जुना परिपाठ असा आहे: आठवडाभर रोज, मग महिनाभर आठवड्यातून एकदा, मग वर्षभर महिन्यातून एकदा आणि पुढे जन्मभर वर्षातून एकदा. एखाद्या व्रताच्या पोथीत शोभावा असा हा नियम आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. काडतूस ज्या खोबणीत बसते ती खोबण आणि मागचा खटका यांच्यात जेवढ्यास तेवढीच जागा असावी लागते. झिजून ती वाढली की धोका आला. गृहिणींना हे चटकन कळेल. कुकरच्या झाकणाची रिंग सैल झाली की वाफ वाटेल तिथून वाट काढते. इथे वाफेच्या जागी पेटलेल्या दारूचा वायू असतो, त्याचा दाब मोटारीच्या चाकातल्या हवेच्या हजारपटीच्या घरात असतो आणि कुकरच्या अगदी जवळ आपला गाल टेकलेला असतो. म्हणून जुन्या रायफलीची पहिली तपासणी नेमाची नव्हे, या फटीची करायची असते. आमची फट सुदैवाने मापात निघाली.

एवढे झाल्यावर मित्राने आपली खरी मागणी पुढे केली. त्याच्या वावराच्या कडेने नाला आहे आणि नाल्याच्या दोन्ही अंगांना घाणेरीचे रान माजले आहे. ही घाणेरी मूळची अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकात बागेची शोभा म्हणून ती या देशात आली आणि बागेचे फाटक ओलांडून सारे जंगल व्यापून बसली. डुकरे दिवसा तिच्यात दडतात. तिथे पाचपन्नास हातांपलीकडचे काही दिसत नाही. लांब नळीची रायफल फांद्यांत अडकते. तेव्हा नळी चार बोटे कापून द्यावी, जाड गोळीची करून द्यावी आणि पुढची माशी ठसठशीत बसवावी, असा त्याचा बेत होता.

या बेताला शास्त्र नाही असे नाही. उलट, दाट झाडीतली रायफल कशी असावी हा वाद आपल्या याच मुलखात दीडशे वर्षांपूर्वी रंगला होता. कॅप्टन जेम्स फोर्सिथ नावाचा एक अंमलदार मध्यप्रांताच्या जंगलांत हिंडला. त्याचे 'हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे पुस्तक १८७१ साली निघाले आणि अजून वाचले जाते. त्याआधी १८६० नंतरच्या दोनतीन वर्षांत त्याने शिकारी रायफलींवरच एक स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. त्याचे म्हणणे असे की, झाडीत सावज जवळच दिसते; तिथे हजार वार पल्ल्याची लष्करी रायफल काय कामाची? मोठ्या तोंडाची नळी घ्या, तिच्यात पीळ अगदी मंद ठेवा, गोल गोळी आणि भरपूर दारू घाला. शंभर वारांच्या आत ती सरळ जाईल आणि जनावर जागीच बसेल. ठासणीच्या बंदुकांचा तो काळ. पुढे धूर न करणारी दारू आली, निमुळत्या गोळ्या आल्या आणि फोर्सिथची गोल गोळी मागे पडली. पण झाडीसाठी रायफल निराळी लागते हा त्याचा विचार टिकला.

आपल्याकडच्या रायफलींचे आकडेही मोठे चमत्कारिक असतात आणि त्यांच्यामागे राजकारण आहे. इंग्रज सरकारला भय असे की, लष्करी बोअरची काडतुसे लोकांच्या हाती पडली तर उद्या ती सरकारवरच उलटतील. म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४५० बोअरच्या शिकारी रायफलींना हिंदुस्थानात बंदी झाली आणि विलायतेतल्या कारखानदारांनी लगेच .४७०, .४६५ अशी शेजारची मापे काढून बंदीला बगल दिली. लष्कराची .३०३ सामान्यांना वर्ज्य, म्हणून .३१५ हे माप इथे रुजले. पुढे बंगालमधल्या इच्छापूरच्या सरकारी कारखान्यातही त्याच मापाच्या शिकारी रायफली बनू लागल्या. माझ्या मित्राची रायफल याच मापाची, विलायती बनावटीची आहे.

जुनी नळी आतून पोखरून तिला दुसरा जन्म देण्याची कल्पनाही इथे नवी नाही. याच इच्छापुरात थकलेल्या .३०३ रायफलींच्या नळ्या आतून मोठ्या करून, पिळाच्या खाचा पुसून, .४१० बोअरच्या गुळगुळीत बंदुका केल्या जात. त्या पोलिसांना आणि पहारेकऱ्यांना मिळत. त्यांत एका वेळी एकच काडतूस बसे. लढाईतून निवृत्त झालेल्या शिपायाने दारावरचे रखवालदार व्हावे, तशी ती गोष्ट.

तेव्हा मित्राच्या मागणीवर कारागीर हसले नाहीत. त्यांनी तीन वाटा सांगितल्या. नळी कोरून तिच्यात पातळ पोलादी अस्तर बसवायचे. किंवा नळीच नवी घालायची. किंवा आहे तीच कोरून बोअर वाढवायचा. तिन्ही कामे खर्चाची आणि तिन्ही कारखान्यात करून, नेहमीपेक्षा जास्त दाबाच्या काडतुसाने पारखून घ्यायची. शिवाय परवान्यावर बोअर लिहिलेला असतो. तो बदलला की परवाना बदलला. आणि नळी आखूड करणे? १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे त्याला वेगळा परवाना लागतो. नाहीतर कापणारा आणि कापून घेणारा दोघेही गुन्हेगार. कायदा इतका कडक का, हे उघड आहे. आखूड नळी झुडपात जशी सोयीची, तशीच ती कोटाखालीही सोयीची असते.

"आणि जाड गोळी?" मित्राने विचारले, "जाड गोळी काड्याकुड्या तोडत जाते म्हणतात."

हा समज शिकारी लोकांत फार जुना आहे. जड, सावकाश जाणारी गोळी झुडूप चिरत सरळ निघून जाते आणि हलकी, वेगवान गोळी काडीला लागून भरकटते, असे मानले जाते. पुढे कित्येकांनी ओळीने काड्या रोवून, त्यांच्यामागे कागद लावून हे पडताळून पाहिले. निष्कर्ष असा की, काडीला लागलेली प्रत्येक गोळी कमीअधिक ढळतेच. फरक असतो तो थोडा, आणि भरवसा कुठल्याच गोळीचा देता येत नाही. काडी सावजाच्या अगदी निकट असेल तर निभावते. काडी आपल्या जवळ आणि सावज लांब असेल तर गोळी कुठे जाईल ते देवालाच ठाऊक. म्हणजे दाट झाडीला भेदणारी रायफल अजून कुणी बनवलेली नाही. झाडीत उपयोगी पडते ती खांद्याला चटकन लागणारी, अंगाच्या मापाची, ठळक माशीची रायफल. आणि फांद्यांतून मोकळी खिडकी दिसेपर्यंत चापावरचे बोट आवरणारा माणूस.

जखमी डुक्कर घाणेरीत शिरले तर त्याच्या मागे जाणे म्हणजे काय असते, ते झाडीपट्टीतल्या कुणालाही विचारावे. आणि झुडपातल्या शिकारीचे अवघडपण सरकारलाही चुकलेले नाही. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या रानात टी-१ या वाघिणीचा शोध चालला होता, तेव्हा हत्ती, ड्रोन, कॅमेरे असा सगळा जामानिमा असूनही ती महिनोन्‌महिने झाडीत गुप्त होत राहिली. २०१८ साली, ऐन दिवाळीच्या तोंडावर, २ नोव्हेंबरला ती मारली गेली आणि तिच्या मृत्यूवरचा वाद नंतरही पुष्कळ दिवस धुमसत राहिला.

तसे पाहिले तर आमच्या नागपूरचे शिकारीशी नाते जुने आहे. इथून जबलपूरच्या वाटेवर शिवनी लागते. किपलिंगने १८९४ सालच्या 'जंगल बुक'मधला मोगली त्याच टापूत वाढवला. स्वातंत्र्यानंतरही परदेशी शिकाऱ्यांना या जंगलांतून हिंडवणाऱ्या कंपन्या होत्या. पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल १९५१ साली इथल्या मॉरिस कॉलेजातून पदवीधर झाले आणि राजकारणात शिरण्यापूर्वी त्यांनी अशा सफरींचाच व्यवसाय केला. १९७२ च्या गणतीत साऱ्या देशात १८२७ वाघ भरले; त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि तो खेळ संपला. २०२२ च्या अंदाजात तीच संख्या ३६८२ वर गेली. जी झाडी त्या काळी रिकामी होऊ लागली होती ती पुन्हा भरली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण भरलेल्या झाडीच्या कडेला ज्याचे वावर आहे, त्याच्या आनंदात थोडी धाकधूक मिसळलेली असणारच. शहरात बसून वाघाचे छायाचित्र पाहणाऱ्या आपणा लोकांनी ती धाकधूक हसण्यावारी नेऊ नये.

हिशेबाचा कागद घेऊन आम्ही मित्राच्या गावी गेलो. त्याची आई ओसरीवर लाखोळीची डाळ निवडीत बसली होती. लेकाने नळीचा, अस्तराचा, परवान्याचा सगळा पाढा वाचला. ती मुकाट्याने ऐकत होती. मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "मामाजी दोन दोन रोज झाडीत बसत अन् रिकाम्या हातानं घरी येत. मी नवी नवरी होती. एकदा इचारलं, 'जनावर आलं नाही का?' तर म्हणे, 'आवाज आला, पन दिसलं नाही.' आवाज आला तर बार काहून नाही काढला, म्हणून घरचे हसले. मामाजी काही बोलले नाहीत. मंग चार दिवसानं समजलं, त्या झुडपात गुराख्याचं पोरगं निजलं होतं."

ओसरीवर थोडा वेळ कुणी बोलले नाही. मित्राच्या वावराच्या कडेला आजही पोरे गुरे राखतात. उन्हाळ्यात त्याच झाडीत बाया मोहफुले वेचतात, तेंदूची पाने तोडतात. आडवी जाणारी गोळी आणि झुडपातला आवाज, या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय घडू शकते, ते कारागिराने पुठ्ठ्यावर बोट ठेवून दाखवले होते आणि म्हातारीने डाळ निवडता निवडता सांगितले.

मित्राने शेवटी दस्ता तेवढा दुरुस्त करून घेतला. जवसाचे तेल घरचेच होते. नळीला हात लावला नाही. रायफल रीतसर दुकानदाराकडे जमा केली. पुढे काय करायचे ते सवडीने ठरवू म्हणाला. अस्तरासाठी काढून ठेवलेल्या पैशांतून त्याने सूर्यप्रकाशावर चालणारे झटका मशीन आणले आणि वावराभोवती तार ओढली. या तारेचा झटका क्षणभराचा असतो; जनावर मरत नाही, दचकून मागे फिरते. पहिल्या आठवड्यात एक कळप तारेपर्यंत आला, एक मोठे धूड किंचाळले आणि सारी फौज नाल्यात पसार झाली. धान या वर्षी घरात आले.

परवा त्याचा फोन आला होता. म्हणाला, डुकरे आता शेजाऱ्याच्या वावरात जातात, आणि शेजारी रोज येऊन विचारतो आहे, "ते बंदूक इकतं का?"